बोटीवर अपघात झाला तर भरपाई कोण देतं? प्रवाशांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच बंदरात, गेटवेहून घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’ला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. या दोन तारखांच्या मध्ये कायदे बदलले, परवाने आले, विमा सक्तीचा झाला. पण आपला माणूस बोटीवर दगावला किंवा जायबंदी झाला तर दाद कुठे मागायची, हे आजही बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसतं. एसटीच्या अपघातानंतर गावातलं कोणीतरी मोटार अपघात न्यायाधिकरणाचं नाव सांगतं. बोटीच्या बाबतीत कोणीच काही सांगत नाही, आणि तेवढ्यात मुदत उलटून जाते.

कायद्याशी कधीच संबंध न आलेल्या माणसाला समजेल अशा क्रमाने हे लिहिलं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण ती न कळल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. सरकारने जाहीर केलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे. नीलकमलच्या वेळी मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. ती सानुग्रह मदत होती, सरकारने आपल्या तिजोरीतून दिलेला हात. ज्याच्या चुकीने जीव गेला त्याचं देणं त्याने फिटत नाही. मदतीचा धनादेश घ्या, पण तो घेतल्यावर विषय संपला असं समजू नका.

पायरी १: पहिल्या आठवड्यात पुरावा जपा

अजून समुद्रातच असाल तर आधी फोन लावा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, किंवा ११२. बाकी सगळं किनाऱ्याला लागल्यावर.

तिकीट ही पहिली गोष्ट. धक्क्यावर मिळणारी चिठ्ठी आपण बोटीत चढताच फेकतो आणि नंतर ‘हा प्रवासी आमच्या बोटीवर होताच कशावरून?’ असा प्रश्न समोरचा वकील विचारतो. चिठ्ठी नसली तर यूपीआयची नोंद चालते, धक्क्यावर काढलेला फोटो चालतो, सहप्रवाशांचे जबाब चालतात. किनाऱ्यावर उतरल्यावर शेजारी बसलेल्या दोन-तीन प्रवाशांचे फोन नंबर घ्या. एकदा सगळे आपापल्या गावी पांगले की साक्षीदार शोधणं फार अवघड होतं.

शक्य असेल तर बोटीचे फोटो काढा: तिचं नाव, नोंदणी क्रमांक, किती प्रवाशांना परवानगी आहे ते लिहिलेली पाटी, आणि लाईफ जॅकेट कुठे ठेवली होती ते. छताखाली दोरीने आवळून बांधलेली जॅकेट संकटाच्या वेळी नसल्यातच जमा असतात, आणि त्या दोरीचा एक फोटो न्यायालयात पानभर वर्णनापेक्षा जास्त बोलतो. नीलकमलवर आदळण्याआधीची स्पीडबोट एका प्रवाशाच्या मोबाईलमध्ये टिपली गेली होती. असा व्हिडिओ तुमच्याकडे असेल तर मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दबलेली असते आणि तिच्यातले वेळेचे तपशील पुसले जातात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतो, पण त्यासाठी मूळ फोन लागतो.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ तेव्हा ‘बोटीची धडक बसून’, ‘बोटीतून धक्क्यावर उतरताना फळी सरकून’ असं नेमकं सांगा आणि ते केसपेपरवर लिहिलं गेलंय का ते पाहा. नुसतं ‘पडून मार लागला’ अशी नोंद झाली तर ती पुढे बोटवाल्याच्या पथ्यावर पडते. पोलिसांना कळवलेल्या केसची म्हणजे एमएलसीची नोंद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, घरी परत जायला केलेल्या गाडीची पावती, सगळं एका पिशवीत ठेवा. मृत्यू झाला असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल या तीन कागदांच्या प्रती मिळवा. फिर्यादीला आणि पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते. पाण्यातल्या अपघातात हद्दीचा घोळ नेहमी होतो, कारण गेटवे मुंबई शहरात आणि घारापुरी रायगड जिल्ह्यात आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर नोंदवून घ्या असा आग्रह धरा. कायद्याने कोणत्याही ठाण्याला ती नोंदवावी लागते.

मग एक पत्र लिहा. हे काम फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते या पायरीतलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. बोट चालवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला स्पीड पोस्टने पाठवायचं, पोचपावती जपायची. मजकूर साधारण असा:

‘दि. … रोजी … वाजता … येथून … येथे जाणाऱ्या आपल्या … या बोटीतून मी / माझे … तिकीट काढून प्रवास करत असताना अपघात होऊन दुखापत / मृत्यू झाला. त्याबाबत भरपाईचा दावा करण्यात येणार आहे. तरी सदर बोटीचे नोंदणी व सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, त्या फेरीतील प्रवाशांची नोंद, तांडेल (बोटीचा चालक) व खलाशांचे परवाने, जीपीएस व वायरलेसच्या नोंदी आणि धक्क्यावरील सीसीटीव्ही चित्रण नष्ट न करता जपून ठेवावे. तसेच विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक लेखी कळवावा.’

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पत्र वेळेत गेलं असेल आणि तरीही चित्रण ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर न्यायालय त्याचा अर्थ बोटवाल्याच्या विरुद्ध काढू शकतं. पत्रच गेलं नसेल तर हा मुद्दा मांडता येत नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, म्हणजे धक्क्यावर सगळे ज्याला मेरीटाईम बोर्ड म्हणतात त्याच्याकडे, माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. बोटीला किती प्रवाशांची परवानगी होती, शेवटचं सर्वेक्षण, म्हणजे बोटीची सरकारी तपासणी, कधी झालं, विमा कधीपर्यंत होता आणि अपघाताच्या चौकशीचा अहवाल काय, हे चार प्रश्न पुरेत.

पायरी २: पाणी कोणतं, जहाज कोणतं

रस्त्यावर ट्रक असो की रिक्षा, मोटार वाहन कायदा एकच. पाण्यावर तसं नाही. बोट कुठे आणि कशी नोंदली आहे त्यावर कायदा ठरतो, म्हणून वकिलाकडे जाण्याआधी नोंदणीचा प्रकार माहीत असलेला बरा.

गेटवे ते मांडवा, भाऊचा धक्का ते मोरा-रेवस, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, राजपुरीहून जंजिरा, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला: बंदर, खाडी आणि नदीच्या हद्दीतल्या अशा यांत्रिक बोटी बहुतेक वेळा अंतर्देशीय जहाज म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांना अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ लागतो. तो जून २०२२ पासून अमलात आला आणि त्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला. नोंदणी, सर्वेक्षण, प्रशिक्षित कर्मचारी आणि विमा या चारही गोष्टी त्यात सक्तीच्या आहेत.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारं क्रूझ जहाज समुद्रगामी असतं. त्याला मर्चंट शिपिंगचा कायदा लागतो. तो १९५८ चा होता, २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. अपघाताच्या तारखेला कोणता अमलात होता हे वकिलाने तपासायला हवं.

धरणांच्या पाण्याचा वेगळा विचार करावा लागतो, आणि तिथली परिस्थिती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा आडवळणाच्या पाण्यावर चालणाऱ्या होड्यांच्या मागे कित्येकदा ना सर्वेक्षण असतं ना विमा. अशा वेळी मालकाविरुद्ध निकाल मिळाला तरी वसूल करण्यासारखं त्याच्याकडे फार नसतं. म्हणून अशा दाव्यात विनापरवाना वाहतूक चालू देणाऱ्या यंत्रणेलाही प्रतिवादी करायचं का, हा विचार पहिल्या दिवसापासून करायला हवा.

पायरी ३: जबाबदार नेमका कोण

प्रवासी वाहून नेणारा कायद्याने प्रवाशाच्या जिवाची हमी देत नाही. त्याच्यावर जबाबदारी आहे ती योग्य काळजी घेण्याची. म्हणजे निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ऐकायला हे अवघड वाटतं, पण बोटीच्या अपघातात बऱ्याचदा घटनाच स्वतः बोलते. शांत पाण्यात बोट उलटली, इंजिनाला आग लागली, धक्क्याला लागताना बोट आपटली, तर ‘माझी चूक नव्हती’ हे पटवून देण्याचा भार प्रत्यक्षात बोटवाल्यावर येऊन पडतो.

निष्काळजीपणाची नेहमीची रूपं अशी: परवानगीपेक्षा जास्त प्रवासी, जॅकेट कमी किंवा हाताला न लागणारी, परवाना नसलेला तांडेल, हवामान खात्याचा इशारा असूनही सोडलेली फेरी, तुटकी फळी, ओला धक्का आणि चढता-उतरताना हात द्यायला कोणी नसणं. नीलकमलला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढीच परवानगी होती. प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. धडक दुसऱ्याने दिली हे खरं, पण जादा गर्दी आणि अंगावर नसलेली जॅकेट यांच्यामुळे बुडणाऱ्यांची संख्या वाढली का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बोट चालवणाऱ्याला विचारता येतो.

दावा एकाच माणसावर लावण्याची चूक करू नका. कित्येकदा तिकीट एका सहकारी संस्थेच्या खिडकीवर मिळतं, बोट दुसऱ्याच्या नावावर असते आणि चालवायला तिसऱ्याने घेतलेली असते. नोंदणीकृत मालक, चालवणारी कंपनी, तिकीट विकणारी संस्था आणि विमा कंपनी, चौघांनाही पक्षकार करा. नको असलेलं नाव नंतर वगळता येतं. राहिलेलं नाव मुदत संपल्यावर घालणं महाकठीण.

दोन बोटींची टक्कर असेल तर प्रवाशाच्या बाजूने एक चांगलं तत्त्व आहे. तुमची काही चूक नसताना दोन्हीकडच्या चुकीने तुम्हाला इजा झाली, तर दोघेही एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे पूर्ण रकमेला बांधील असतात. कोणाची चूक किती टक्के हे त्यांनी आपसात पाहावं. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात हे स्पष्ट लिहिलं होतं, आणि रस्ते अपघातांतही सर्वोच्च न्यायालयाने हेच धोरण ठेवलं आहे.

दुसरी बोट सरकारी असेल तर दिवाणी दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती विसरली तर दावा दारातच अडतो. फार तातडीचं कारण असेल तर न्यायालयाच्या परवानगीने सूट मिळते, पण त्या भरवशावर राहू नका.

प्रवाशाची चूकही मोजली जाते. जॅकेट घालायला सांगूनही न घालणं, सेल्फीसाठी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, चढणं, बोट पूर्ण लागण्याआधी धक्क्यावर उडी मारणं, याने दावा बुडत नाही, रक्कम कमी होते. आणि तिकिटामागे छापलेलं ‘प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर’ हे वाक्य वाचून माघार घेऊ नका. त्या ओळीमुळे चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही.

पायरी ४: सही करण्याआधी थांबा

अपघातानंतर आठ-पंधरा दिवसांत घरी कोणीतरी येतं. हातात पाकीट असतं, सोबत एक कागद. ‘तातडीचा खर्च म्हणून घ्या, नुसती पोच द्या.’ कागदावर मात्र लिहिलेलं असतं की ही रक्कम पूर्ण व अंतिम भरपाई म्हणून स्वीकारली, यापुढे आमची काही तक्रार नाही.

पैशाची गरज असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘अंतरिम मदत म्हणून स्वीकारले, भरपाईचा हक्क राखून.’ असं लिहू देत नसतील तर सही करू नका. कोऱ्या कागदावर किंवा न समजणाऱ्या इंग्रजी मजकुरावर तर कधीच नाही. एकदा अंतिम म्हणून सही झाली की ती दबावाखाली केली हे सिद्ध करण्यात वर्षं जातात.

या काळात स्वतःच्या विम्याचं पाहा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये बँकेतून कापले जात असतील तर अपघाती मृत्यूसाठी २ लाख मिळतात. मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बुडून झालेला मृत्यूही येतो. दोन्हींसाठी लवकर अर्ज करावा लागतो, महिन्याच्या आत करा.

पायरी ५: दाद कुठे मागायची

सामान्य प्रवाशासाठी माझी पहिली पसंती जिल्हा ग्राहक आयोग. तिकीट काढलं म्हणजे तुम्ही ग्राहक, प्रवासी वाहतूक ही सेवा, आणि निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी. मृत्यू झाला असेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे कोणत्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही मोजलेल्या पैशावरून ठरतं. मागितलेल्या भरपाईशी त्याचा संबंध नाही. तिकीट काही शे रुपयांचं आणि मागणी ५० लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. सर्वांत मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. घारापुरी पाहायला आलेलं नांदेडचं कुटुंब नांदेडच्या आयोगात जाऊ शकतं, मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही.

मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण ती देणं-न देणं आयोगाच्या हातात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. साक्षीपुरावा फार गुंतागुंतीचा असेल, जसं की टक्कर कोणाच्या चुकीने झाली यावर तज्ज्ञांचे वाद असतील, तर आयोग ‘दिवाणी न्यायालयात जा’ असं म्हणू शकतो. तेव्हा दुसरा मार्ग खुला ठेवावा लागतो.

तो मार्ग म्हणजे दिवाणी दावा. मृत्यूच्या बाबतीत याचा आधार १८५५ चा फेटल अ‍ॅक्सिडेंट्स कायदा आहे. पत्नी, पती, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठी हा दावा असतो, मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. भाऊ-बहीण या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

जखम किरकोळ असेल, सामान बुडालं असेल, फेरी रद्द होऊन नुकसान झालं असेल, तर कायमस्वरूपी लोकअदालत पाहा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात जलमार्गाने होणारी प्रवासी वाहतूक ही सार्वजनिक उपयोगितेची सेवा म्हणून स्पष्ट नमूद आहे. १ कोटीपर्यंतच्या वादात तिथे जाता येतं, कोर्ट फी नाही, तडजोड झाली नाही तरी ती निकाल देऊ शकते. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ ८८ जणांची बोट बुडाली आणि पोलिसांच्या गस्तीनौकेच्या मदतीने सगळ्यांना सुखरूप काढलं गेलं. जीव वाचले तरी मोबाईल, दागिने, कागदपत्रं पाण्यात जातात, आणि अशा नुकसानीसाठी हा मंच योग्य. मृत्यू किंवा गंभीर गुन्ह्याच्या प्रकरणात मात्र इथे जाऊ नका. गुन्ह्याशी निगडित वादात या अदालतीचे हात बांधलेले असतात, आणि एकदा इथे अर्ज केला की त्याच वादासाठी दुसऱ्या न्यायालयात जाता येत नाही.

चौथा मार्ग मोठ्या समुद्रगामी जहाजांसाठी आहे. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, कायद्यानुसार मुंबई उच्च न्यायालय जहाजालाच अटक करू शकतं. म्हणजे दावा सुटेपर्यंत किंवा मालक तारण भरेपर्यंत जहाज बंदरातून हलू शकत नाही. परदेशी मालक असेल तर याच्याइतकं परिणामकारक हत्यार नाही. जीवितहानी आणि शारीरिक इजेच्या दाव्याचा बोजा त्या जहाजावर चढतो आणि जहाज विकलं तरी तो उतरत नाही, पण हा बोजा फक्त एक वर्ष टिकतो. बाकीकडे दोन वर्षं आहेत म्हणून निवांत राहिलात तर हे हत्यार हातचं जातं. अंतर्देशीय जहाजांना हा कायदा लागत नाही, केंद्र सरकारने खास अधिसूचना काढली असेल तरच लागतो. युद्धनौका आणि सरकारची बिगरव्यापारी जहाजंही त्याच्या बाहेर. त्यामुळे मांडव्याची लाँच किंवा नौदलाची बोट अशी अडवता येत नाही.

समुद्रगामी जहाजाचा मालक ‘माझी जबाबदारी अमुक रकमेपर्यंतच’ अशी मर्यादा मागू शकतो. आंतरराष्ट्रीय करारातून आलेला हा हक्क आहे. नुकसान होईल हे माहीत असूनही बेदरकारपणे वागल्याचं सिद्ध झालं तर ती मर्यादा उरत नाही. म्हणून ‘गर्दी जास्त आहे हे तांडेलाला कोणी बजावलं होतं का’ हा तपशील नुसता भावनेचा नसतो. पुढे त्यावर रक्कम फिरते. ऐकलेलं वाक्य, कोणी म्हटलं, किती वाजता, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवा.

फौजदारी खटल्याचं काय?

तो पोलीस चालवतील. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं, २८२ बेदरकारपणे जहाज हाकण्याचं, आणि २८४ धोकादायक किंवा जादा भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसं नेण्याचं. या शेवटच्या कलमाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. माणसं कोंबून समुद्रात नेण्याची ही किंमत मला लाजिरवाणी वाटते. केरळात तानूर इथे ७ मे २०२३ रोजी २२ जण बुडाले, तेव्हा पोलिसांनी मालकावर थेट खुनाचं कलम लावलं होतं.

भरपाईच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं एवढंच की फौजदारी निकालाची वाट पाहत बसू नका. ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही क्रूझबोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी आडवी झाली, ३२ जण गेले. कप्तानाची १६ वर्षांची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाली ती मे २०१७ मध्ये. पाच वर्षांहून जास्त. तोवर कोणाचीही दोन वर्षांची मुदत केव्हाच संपलेली असते.

पायरी ६: किती मागायचं

रस्ते अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत जी गणिती पद्धत घालून दिली, तिचा आधार इतर अपघातांतही घेतला जातो. एक उदाहरण करून पाहू.

मृत व्यक्ती ३८ वर्षांची, स्वतःचा धंदा, महिना २५,००० रुपये उत्पन्न. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वय ४० च्या आत आणि स्वतःचा व्यवसाय असल्याने भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे: ३५,०००. अवलंबून असलेले चार जण, म्हणून स्वतःवर होणारा खर्च एक-चतुर्थांश वजा: २६,२५०. वर्षाचे ३,१५,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम जितक्या पट धरायची तो आकडा, १५. म्हणजे ४७,२५,००० रुपये. याशिवाय अंत्यविधी, सहवास गमावणं यांच्या ठरावीक रकमा, उपचाराचा खर्च आणि व्याज.

आता हा आकडा सानुग्रह मदतीच्या आकड्याशेजारी ठेवा, म्हणजे पायरी ४ मधल्या सहीवर मी इतका जोर का दिला ते कळेल.

गृहिणीच्या मृत्यूत ‘उत्पन्न काहीच नव्हतं’ असं विमा कंपनी म्हणते. ते खरं धरलं जात नाही. घरकामाचं मोल धरून उत्पन्न ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून जास्त निकालांत सांगितलं आहे. उत्पन्नाचा कागद नसलेला मजूर, मासे विकणारी बाई, फेरीवाला यांच्यासाठी बँकेचं पासबुक, माल घेतल्याच्या पावत्या, शेजाऱ्यांचे प्रतिज्ञालेख उपयोगी पडतात. जखमीच्या बाबतीत अपंगत्वाचं प्रमाणपत्र कळीचं. ते सरकारी रुग्णालयातून घ्या आणि टक्केवारीबरोबर ‘हा माणूस आपला नेहमीचा धंदा करू शकेल का’ यावर डॉक्टरांचं मत मागा. तांडेलाच्या हाताची दोन बोटं जाणं आणि शिक्षकाची जाणं यांचा परिणाम एकसारखा नसतो.

पायरी ७: परदेशी क्रूझवर असाल तर

युरोपच्या बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर आपली मंडळी आता मोठ्या संख्येने जातात. तिथे समुद्रप्रवाशांच्या भरपाईबद्दलचा आंतरराष्ट्रीय अथेन्स करार आणि त्यावर आधारलेला युरोपीय संघाचा २००९ चा नियम लागतो, आणि तो प्रवाशाच्या बाजूचा आहे. जहाज बुडणं, उलटणं, टक्कर, आग, खडकावर चढणं अशा घटनांत चूक सिद्ध न करताही प्रत्येक प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरपर्यंत जबाबदारी येते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. रुपयांत ही रक्कम सुमारे तीन कोटींच्या घरात जाते. त्याच्या वर ४,००,००० एसडीआरपर्यंत, ‘आमची चूक नव्हती’ हे जहाज कंपनीने सिद्ध करायचं. मृत्यू झाल्यास तातडीची आगाऊ रक्कम किमान २१,००० युरो. जिन्यावर घसरणं, जेवणातून विषबाधा अशा गोष्टींत मात्र चूक प्रवाशाने दाखवायची. मुदत उतरल्याच्या दिवसापासून दोन वर्षं.

अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटावरच्या अटी जास्त कडक असतात. सहा महिन्यांत लेखी नोटीस, एका वर्षात दावा, आणि तोही कंपनीने नेमलेल्या गावी, बहुधा फ्लोरिडात. अशी गावाची अट वैध आहे, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकाने आई-वडिलांना कॅरिबियन क्रूझला नेलं आणि आई डेकवर पडून खुबा मोडला, तर पुण्यात परतून उपचार संपेपर्यंत थांबू नका. नोटीस आधी पाठवा. बुकिंगच्या ईमेलमध्ये जोडलेला अटींचा कागद कोणी वाचत नाही, पण सगळं त्यातच असतं.

जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. कॉनकॉर्डियाच्या मृतांत सर्वांत शेवटी सापडला तो मुंबई परिसरातला एक वेटर होता. खलाशी आणि जहाजावरचे कर्मचारी यांचे हक्क नोकरीच्या करारातून आणि वेगळ्या कायद्यांतून येतात. त्यांच्या कुटुंबांनी प्रवाशांच्या दाव्याबरोबर आपलं नाव जोडून मुदत घालवू नये.

वकील आणि पैसे

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि सामूहिक आपत्तीचे बळी यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बोट उलटून पती गेलेली बाई यात दोनदा बसते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा.

खाजगी वकील घेणार असाल तर फी आधीच लेखी ठरवा. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी मागणं भारतात वकिलांच्या नियमांना धरून नाही, तसं कोणी सुचवलं तर दुसरा वकील पाहा. पहिल्या भेटीत त्याला दोन प्रश्न विचारा: बोट अंतर्देशीय की समुद्रगामी, आणि माझी सर्वांत जवळची मुदत कोणती. पहिल्याचं उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, त्याला नोंदणीचा कागद पाहावा लागेल. दुसऱ्याचं उत्तर तारखेसह लिहून घ्या.